घरी लक्ष नाही

एखाद्या घराविषयी ‘त्यांच्याकडे अभ्यासाचं वातावरण नाही’ असं कुणी बोललं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. वातावरण म्हणजे काय हो? खुर्चीत बसलेला बाप आणि मेजावरचा दिवा? मी शहापूरच्या विणकराची मुलगी. आमचं घर दीड खोल्यांचं. एक खोली मागानं खाल्लेली, उरलेल्या अर्ध्या खोलीत चूल, रहाट, आई आणि मी. मराठी चौथीपर्यंतचा अभ्यास मी त्या अर्ध्या खोलीत केला, आणि तो कसा केला ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आप्पा उजाडल्यापासून खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेले असत. लुगड्याचा काठ विणताना मान वर करायची सोय नसे. शाळेतून आले की मी मागाच्या खांबाला टेकून पाढे म्हणायची. आप्पांना अक्षरओळख नव्हती, पण पाढे आणि पावकी-दिडकी ऐकून ऐकून तोंडपाठ होती. आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे पळत असायचा, मागाची खटखट चालू, आणि मी चुकले की माग थांबायचा. आप्पा रागवायचे नाहीत, माझ्याकडे बघायचेही नाहीत. नुसते थांबायचे. बरोबर आकडा आला की पुन्हा खटखट. माग थांबला तर चूल थांबते हे विणकराच्या मुलीला कुणी शिकवावं लागत नाही. सतराचा पाढा मी तीन दिवसांत पाठ केला.

मराठीचं पुस्तक आईच्या वाट्याला. ती रहाटावर कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या लहान नळ्यांवर सूत गुंडाळायची. तिला वाचता येत नव्हतं. माहेर कानडी, त्यामुळे कांड्या ती कानडीत मोजायची आणि माझे धडे मराठीत ऐकायची. एका धड्याला दहा कांड्या, हा हिशेब ठरलेला. मी मोठ्यानं वाचायचं, तिनं ऐकायचं. पहिल्या महिन्यात ती नुसती ऐकत होती. दुसऱ्या महिन्यात मी एक ओळ गाळली तर म्हणाली, “मागं जा गं. बैलाचं ऱ्हायलं.” खरंच बैलाचं राहिलं होतं. दिवाळीपर्यंत तिचं अख्खं पुस्तक पाठ झालं आणि माझी लबाडी, एक सोडली तर, कायमची बंद पडली.

एवढं असूनही शाळेत आमच्या घराची अब्रू पाजणीनं घालवली. माग भरायच्या आधी ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ लावतात, तिला पाजणी म्हणतात. उन्हं चढायच्या आत अख्खा ताणा गल्लीभर ताणायचा, खळ लावायची आणि कुंचे फिरवत राहायचं. हात कमी पडले तर धागे एकमेकांना चिकटतात आणि सगळा ताणा वाया जातो. म्हणून आज आमची पाजणी असली तर गल्ली आमच्याकडे, उद्या शेजाऱ्यांची असली तर आम्ही त्यांच्याकडे. लहानमोठं कुणी सुटायचं नाही. त्या दिवशी मी शाळेत उशिरा पोचायची, हाताला खळ वाळलेली. मास्तर विचारायचे, मी ‘पाजणी’ म्हणायची, वर्ग हसायचा. आपली शाळा विणकरांच्या वस्तीत आहे, हे त्या मास्तरांना कधी दिसलंच नाही. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस.

दिवाळीआधीच्या अशाच एका पाजणीला मी पुस्तक बरोबर घेऊन गेले, हात मोकळे झाले की वाचू म्हणून. खळीच्या घमेल्याशेजारी ठेवलं. व्हायचं तेच झालं. दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटली आणि त्यांच्या आतल्या दोन बाजू नाहीशा झाल्या. मी भीतीनं कुणाला सांगितलं नाही.

धडा दोन भावांचा, आम्ही तोवर न वाचलेला. धाकटा विहीर खणतो, थोरला नुसता बसून बघतो. चिकटलेल्या बाजूंआधीची शेवटची ओळ होती, ‘कुदळ खणकन वाजली आणि पाहतो तो काय’. नंतरची ओळ, ‘पोटभर जेवून दोघे भाऊ निजले’. मी एका दमात दोन्ही वाचल्या. रहाट थांबला.

“मदी काय झालं गं?”

“पुस्तकात असंच आहे,” मी म्हणाले.

तिनं थोडा विचार केला. “पाणी लागलं आसंल. म्हनून पोटभर जेवलं,” असं म्हणून तिनं रहाट फिरवला. माझ्या शब्दावर तिचा विश्वास होता.

चौथीच्या परीक्षेला कुणाची नावं धाडायची ते ठरायची वेळ आली. माझं नाव गेलं नाही तर चुलते मला शाळेतून काढणार, हे घरात बोलून झालं होतं. ‘पोरीला रहाटावर बसवा, लई झालं शिकून,’ असं त्यांचं म्हणणं. मास्तरांनी मला बोलावून हजेरीपट उघडला. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, ‘घरी लक्ष नाही’. उद्या आईला किंवा बापाला घेऊन ये, म्हणाले.

आई वर्गात आली. पदराला सूत चिकटलेलं, बोटं खळीनं पांढरी. मास्तरांनी तिला बस म्हटलं नाही.

“घरी हिचा अभ्यास कोण घेतं?”

“माज्याम्होरं वाचती की रोज. मी ऐकती.”

“तुम्हाला वाचता येतं?”

“न्हाय.”

“मग ती चुकली तर कळतं कसं?”

“पुस्तक पाठ हाय मला.”

मास्तर हसले. पुस्तक उघडून म्हणाले, “बरं, विहिरीचा धडा म्हणा.”

तेवढे धडे सोडून त्यांना नेमका तोच सापडला. आईनं हात जोडले आणि सुरू केलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी बाकावर बसून चिकटलेल्या पानांची वाट बघत होते. ‘कुदळ खणकन वाजली आणि पाहतो तो काय,’ आई म्हणाली, ‘पोटभर जेवून दोघे भाऊ निजले.’

वर्ग हसत सुटला. मास्तर टेबलावर हात आपटून हसले. “पाहिलंत? म्हणे पुस्तक पाठ!” त्या माणसाला एवढं कळू नये की जी बाई नेमकी दोन बाजू गाळते, तिनं बाकीचं सगळं रोज बसून ऐकलेलं असतं? संताप येतो तो त्याच्या हसण्याचा. पण त्याहून मोठा संताप माझा मला येतो. उठून ‘पानं मी चिकटवली’ एवढं म्हणायचं होतं. मी मान खाली घालून बसले.

घरी आल्यावर आई म्हणाली, “पुस्तक आन.” तिनं चिकटलेली पानं बोटांनी चाचपली आणि एकदाच माझ्याकडे बघितलं. मग फडकं ओलं केलं, पानांवर ठेवलं, ताण्यातले चिकटलेले धागे सोडवावेत तसं हळूहळू एक टोक सोडवलं. पानं सुटली. “वाच,” म्हणाली.

आत पाणी नव्हतं. कातळ लागला होता. धाकटा रडत घरी येतो, थोरला त्याला जेवायला वाढतो आणि उद्या कुदळ मी घेतो म्हणतो. आईनं ते माझ्याकडून चारदा वाचून घेतलं. त्या दिवशी कांड्या कमी भरल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर शिकवत असताना ती वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली आणि कुणी विचारायच्या आत अख्खा धडा म्हणाली, कातळासकट. या वेळी कुणी हसलं नाही.

“ठीक आहे, नाव धाडतो,” मास्तर म्हणाले. “जा आता.”

“‘घरी लक्ष न्हाय’ लिवलंय न्हवं, ते खोडा.”

“ते शाळेचं काम आहे. त्यानं तुमचं काय अडलंय?”

“घरात कांड्या न्हाईत. हिच्या बापानं माग थांबवलाय,” आई शांतपणे म्हणाली. “आमच्यात चुकलेलं नीट झाल्याबगर माग चालू हुईत न्हाय.”

ती हलेना. मास्तरांनी चिडून दौत पुढे ओढली, हजेरीपट उघडला, टाक फिरवला आणि पट तिला लांबूनच दाखवला. “खोडलं. झालं समाधान?”

आईनं नमस्कार केला आणि झपाझप घराकडे गेली. घंटा व्हायच्या आत आमच्या गल्लीकडून मागाची खटखट ऐकू आली.

मी पहिल्या बाकावर होते. हजेरीपट उघडाच होता. मास्तरांनी केसाएवढी एकच रेघ मारली होती, आणि खालचं अक्षर न् अक्षर दिसत होतं. आईला ते वाचता येत नव्हतं. मला येत होतं, तिनंच शिकवलं होतं.