दुपारी दारात येणारे द्रोण

ती घटना आठवली की मला आजही आधी त्या गावाची दुपार आठवते. सुरतेहून हजीऱ्याकडे जाणारा मोठा रस्ता सोडून खाडीच्या बाजूला वळले की ते गाव लागायचे. गावाचे नाव लिहीत नाही आणि माणसांचीही लिहिणार नाही, कारण त्यातली काही अजून तिथेच राहतात. दुपारची जेवणे झाली की दुकानांची शटरे खाली यायची, ओट्यांवरचे हिंचके, म्हणजे झोपाळे, थांबायचे आणि चार वाजेपर्यंत सगळे गाव झोपायचे. पोस्टमनसुद्धा चारनंतरच यायचा. जागा असायचा तो मी, कारण चौकी बंद करता येत नाही.

मी तेव्हा पीएसआय होतो. माझा जन्म सुरतेचा, घर मराठी. मुलांच्या शाळेसाठी बायको शहरात राहायची आणि मी चौकीमागच्या क्वार्टरमध्ये एकटा. सोबतीला एक गुजराती जमादार होता. हेड कॉन्स्टेबलला तिकडे सगळे जमादारच म्हणतात.

सुरुवातीला चौकीत येणाऱ्या तक्रारी ऐकून मला वाटले, लोक माझी चेष्टा करताहेत. कोणीतरी पहाटे जास्वंदीची फुले चोरते. देवळातल्या घंटेची दोरी मुद्दाम आखूड केली आहे. शेजाऱ्याचा कोंबडा भलत्या वेळी आरवतो. गावात एक वाचनालय होते. तिथले ग्रंथपाल आधीच्या पुस्तकात काय होते ते सांगितल्याशिवाय नवे पुस्तक देत नसत. त्यांच्याविरुद्धही अर्ज आला होता. लोचो या सुरती न्याहारीच्या गाडीवर सकाळी कोणाचे भांडण झाले हे कळायचे आणि दुपारच्या झोपेपर्यंत ते गावभर होऊन जायचे. कोणाची स्कूटर आली हे लोक आवाजावरून ओळखत. गाव गोड होते. पण ज्याचे कोणी नाही त्याला त्या गोडव्यात फार एकटे वाटायचे, हे मला माझ्यावरून माहीत होते.

त्या हिवाळ्यात एका जुन्या सोसायटीच्या गल्लीत दारांपुढे खाऊ येऊ लागला. पळसाच्या पानांचा द्रोण, त्यावर दुसरा पालथा द्रोण आणि वरून दोरा बांधलेला. आत कधी नारळाच्या वड्या, कधी कोथिंबीर वडी, कधी दुधीचा हलवा. लोक दुपारची झोप काढून उठले की दारात द्रोण दिसायचा. कोण ठेवते, कोणालाच माहीत नव्हते. महिनाभर गल्लीला त्याची गंमत वाटली. लोकांनी खाल्ले, नावे ठेवली, पैजा लावल्या.

मग गल्लीतले एक वयस्कर गृहस्थ आजारी पडले. बँकेतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना मोटाकाका म्हणत. उलट्या, जुलाब, दवाखान्यात सलाईन. द्रोणातले खाल्ल्यामुळे झाले, असे त्यांनी सुनेला सांगितले आणि गंमत तिथेच संपली.

दुसऱ्या दिवशी चौकीत फोन आला. तोंडावर पदर धरून बोलल्यासारखा बायकी आवाज. "साहेब, नाव नाही सांगत. पण त्या डबेवाल्या बाईकडे बघा. दुपारची तीच एकटी जागी असते." तेवढ्यात मागून एक पोपट मोठ्याने "जय श्रीकृष्ण, चा पीवो" म्हणाला आणि फोन घाईने बंद झाला. गावात तसा पोपट एकच होता. मी जमादाराकडे पाहिले. त्यालाही ऐकू आले होते.

"साहेब, नावगाव लिहू?" तो हसत म्हणाला.

"नको. जाणवाजोग नोंद कर," मी म्हणालो. जाणवाजोग म्हणजे गुन्हा दाखल न करता माहितीसाठी केलेली नोंद. मोटाकाकांच्या घरी उरलेला खाऊ आम्ही दोन पंचांसमोर सीलबंद करून तपासणीसाठी पाठवला. अहवाल यायला वेळ लागणार होता. तेवढा वेळ त्या बाईकडे नव्हता.

डबेवाली धुळ्याकडची होती. नवरा कडोदऱ्याच्या कापडाच्या लूमवर होता, तो वारल्यावर वर्षभरापूर्वी ती इथे गल्लीच्या टोकाला खोली घेऊन राहिली आणि कारखान्यातल्या एकट्या पोरांना डबे देऊ लागली. मी गेलो तेव्हा ती घासलेल्या डब्यांच्या राशीपुढे नुसती बसून होती.

"मना हातनं आते कोनी खात नही, साहेब," ती म्हणाली. तिच्या अहिराणीत रडणे नव्हते, थकवा होता. मग माझ्यासाठी तिने भाषा बदलली. "निम्मी पोरं सुटली. घरमालक म्हणतो, रविवारपर्यंत खोली खाली करा. मी कोणाला कशाला काय घालू? मला माझ्या पोटापुरतं रांधायला वेळ नाही."

"दुपारी तुम्ही जाग्या असता. कोणाला पाहिलंत?"

"नळाला पाणी तेव्हाच येतं. मी मागच्या मोरीत असते. दार दिसत नाही तिथून."

मला ती खरी वाटली. पण पोलिसाला वाटून उपयोग नसतो.

मग मोटाकाकांचा जबाब घ्यायला गेलो. अनुभवाची गोष्ट सांगतो. खरे बोलणारा माणूस अडखळतो, आठवतो, स्वतःला दुरुस्त करतो. पाठ केलेला माणूस एका दमात सांगतो. मोटाकाकांनी एका दमात सांगितले. मी म्हणालो, "त्या दिवशी द्रोणात काय होतं?"

"काहीतरी गोड. खूप गोड."

पण आम्ही सीलबंद केलेल्या द्रोणात खारे शंकरपाळे होते. सून आत गेल्यावर मी आवाज खाली आणून तेच सांगितले. मोटाकाकांनी आधी दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे. "साहेब, वहूला नका सांगू. हायवेवर नवीन गाडी लागली आहे. भजी खाल्ली. वरून रबडी. मला डायबेटीस आहे ना, घरात बघूसुद्धा देत नाहीत."

"तुमच्या रबडीपायी एका बाईची खोली जाते आहे, काका."

 त्यांनी बदललेल्या जबाबावर सही केली.

इथे प्रकरण संपायला हवे होते. पण काका द्रोणातल्या खाऊने आजारी पडले नाहीत, एवढे मी सांगितले तरी गल्ली ऐकायला तयार नव्हती. खाऊ ठेवणारा कोण, हे कळल्याशिवाय भीती जाणार नव्हती आणि भीती त्या बाईच्या दारात जाऊन बसली होती. म्हणून मी जमादाराला घेऊन घरोघर फिरलो आणि एकच विचारले, तुमच्याकडे काय काय आले? उत्तरे जमादार वहीत लिहीत गेला. जे घर कांदा-लसूण खात नव्हते, तिथे कोथिंबीर वडी लसणाशिवाय गेली होती. एका आजींना दात नव्हते, त्यांना मऊ हलवा. मोटाकाकांकडे कधीच गोड गेले नव्हते. ठेवणाऱ्याला प्रत्येक घराचे पोट माहीत होते. आणि नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूंना काहीच मिळाले नव्हते. डबेवालीलाही नाही.

"इतकं कोणाला ठाऊक असेल?" मी बायकांना विचारले.

त्या एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी एक म्हणाली, "एकच होत्या, साहेब. सेक्रेटरींच्या घरच्या काकू. सणावाराला सगळ्या गल्लीत त्यांचं ताट फिरायचं. पण त्या गेल्या. दीड वर्ष होत आलं."

बाहेर आल्यावर जमादाराने हळूच हात जोडले. "साहेब, आ तो काकूनो आत्मा छे."

"आत्म्याला द्रोण बांधायला दोरा लागत नाही," मी म्हणालो. "जुन्या घरांपैकी कोणाकडे द्रोण गेला नाही, सांग."

त्याने बोटांवर गल्ली मोजली आणि थांबला. असे घर एकच होते.

सेक्रेटरी म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले मराठी गृहस्थ. सोसायटीचे कारभारी असताना पाण्यावरून, पार्किंगवरून, झाडाच्या फांदीवरून त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक घराशी भांडण केले होते. नियमाने त्यांचे बरोबर असायचे, बोलणे मात्र तोडून टाकणारे. पत्नी होती तोवर तिच्यामुळे लोक घरी येत. ती गेल्यावर तेराव्यापर्यंत आले, नंतर कोणी आले नाही. मुलगा परदेशात.

दुसऱ्या दिवशी गाव झोपलेले असताना मी एकटाच त्यांच्याकडे गेलो. बऱ्याच वेळाने दार उघडले. बनियनवर पीठ होते. घरात साजूक तुपाचा वास होता.

"मी सेक्रेटरी होतो तेव्हाही पोलिसांना कधी बोलावलं नाही," ते म्हणाले. "आता काय काम आहे?"

मी पाणी मागितले. ते आणायला वळले तशी मला स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत ठेवलेली पळसाची पाने दिसली. तरी मी त्याबद्दल काही बोललो नाही. एवढेच म्हणालो, "डबेवाल्या बाई रविवारी खोली सोडताहेत. खाऊत विष घातलं म्हणून लोक त्यांच्यावर संशय घेताहेत. मोटाकाका दवाखान्यात होते, तेव्हापासून."

त्यांच्या हातातला पेला तसाच राहिला. "मोटाकाका दवाखान्यात होते? कधी?"

मी अनेक गुन्हेगारांचे चेहरे वाचले आहेत. हा चेहरा खोटा नव्हता. ज्या गावात कोंबडा आरवला तरी तासाभरात सगळ्यांना कळायचे, तिथे त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारा माणूस दवाखान्यात जाऊन आला होता आणि त्यांना कोणी सांगितले नव्हते. गल्ली आठवडाभर ज्या गोष्टीने पेटली होती, ती त्यांच्या उंबऱ्याच्या आत आलीच नव्हती.

ते खाली बसले. पाणी मीच घेतले.

"बरे आहेत ना आता?" त्यांनी विचारले.

"बरे आहेत. भजी खाऊन आजारी पडले होते."

"मी त्यांना गोड दिलं नाही. हिनं बजावलं होतं." त्यांनी बनियनवरचे पीठ झटकले. "शेवटी शेवटी हिला बोलायला त्रास व्हायचा, तरी सांगत राहायची. अमक्यांच्याकडे लसूण नको, तमक्यांच्या आजींना चावत नाही. मी म्हणायचो, मला कशाला सांगतेस? आता कळतं कशाला. एका माणसापुरता हलवा होत नाही हो, साहेब. कढई तिची, प्रमाणही तिचंच. उरायचा. दोनदा फेकून दिला. तिसऱ्यांदा फेकवेना."

"दार वाजवून द्यायचं होतं."

"माझ्या हातचं कोणी घेतलं असतं?"

 त्यांच्याविरुद्ध कोणताच गुन्हा होत नव्हता. मी म्हणालो, "मी चौकीतून कितीही सांगितलं तरी गल्ली त्या बाईला सोडणार नाही. तुम्हालाच सांगावं लागेल."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

त्यांनी मान हलवली, पण होकाराची की नकाराची, हे मला कळले नाही.

संध्याकाळी ओट्यांवर माणसे बसली होती. सेक्रेटरी इस्त्रीचा शर्ट घालून घराबाहेर पडले आणि गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले. हिंचके एकेक करून थांबले. डबेवालीच्या दारात उभे राहून ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "खाऊ मी ठेवत होतो. या बाईंचा काही संबंध नाही. माझ्यामुळे यांना त्रास झाला."

 इतक्या वर्षांत त्यांचा आवाज गल्लीने फक्त भांडताना ऐकला होता. मोटाकाका काठी टेकत उठले आणि सुनेकडे न बघता रबडीचे सांगून मोकळे झाले. कोणीतरी हसले. पण सेक्रेटरी हसले नाहीत. ते त्या बाईच्या उत्तराची वाट बघत उभे होते.

"सगळ्यांना दिलं," ती म्हणाली. "मला का नाही?"

"ही गेल्यावर तुम्ही आलात. तुम्हाला काय आवडतं, ते तिनं सांगितलं नव्हतं."

"मग विचारायचं की," ती म्हणाली आणि दार लावून घेतले.

तपासणीचा अहवाल नंतर आला, त्यात काहीच निघाले नाही. घरमालक नरमला. सुटलेले डबे हळूहळू परत आले, सगळे नाहीत. सेक्रेटरींकडे थोडे दिवस लोक गेले, ओट्यावर बसा म्हणाले, मग आपापल्या घरात रमले. पोपटवाल्या बाईंनी तेवढी चौकीत येऊन मला शेव-खमणी दिली, कशाबद्दल ते न सांगता. डबेवाली मात्र एका रविवारी सेक्रेटरींच्या दारात गेली. तिला ठेच्याशिवाय काही लागत नाही, हे तिने त्यांना उंबऱ्यातच ऐकवले. पुढे ते सकाळी तिच्या ओट्यावर बसून भाजी चिरू लागले. जाडी सारखी नाही म्हणून ती त्यांच्यावर ओरडायची आणि आयुष्यभर सगळ्यांवर ओरडलेला तो माणूस मुकाट ऐकून घ्यायचा. माझी बदली झाली तेव्हा हे असेच चालू होते. काही वर्षांनी ते गेल्याचे कळले.

त्या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. गावात बातमी कोणापर्यंत पोचत नाही, हे आधी शोधावे. चोर कोण हे लोक सांगतात. कोण एकटा आहे हे कोणी सांगत नाही, कारण ते कोणाच्या लक्षातच आलेले नसते. पुढे प्रत्येक ठाण्यात मी बीटच्या पोलिसांना सांगत राहिलो, एकट्या म्हाताऱ्यांकडे जा, उभ्याउभ्या विचारू नका, बसा.

आता मी भेस्तानला फ्लॅटमध्ये राहतो. बायको गेली, मुले दूर आहेत. महिन्यातून एकदा बीटचा तरुण पोलीस येतो, वरिष्ठांना पाठवायला माझ्यासोबत फोटो काढतो आणि जिन्याकडे वळता वळता विचारतो, "काका, बधु बराबर? सगळं ठीक?"

मी म्हणतो, "बराबर."

आयुष्यभर लोकांचे जबाब घेतले. माझा हा जबाब खोटा असतो. मागच्या खेपेला मात्र तो वळला तेव्हा मी म्हणालो, "नाही रे, बराबर नाही. बस जरा." तो गोंधळला. मग त्याने टोपी काढली आणि बसला.