जाड तेल, पातळ तेल

नलूमावशी गेल्याचा निरोप आला, आणि रडता रडता मला तिचं मोटारीच्या तेलावरून चाललेलं भांडणच ऐकू येऊ लागलं... मावशी रामदासपेठेत राहायची, शाळेत विज्ञान शिकवायची आणि जुनी काळी मोटार स्वतः चालवायची. मावसाजी शेजारी बसून सूचना करायचे. झिजलेल्या इंजिनात पातळ तेलाचा दाब पडतो, दिवा लागतो, म्हणून बारा महिने जाड तेलच हवं, असं त्यांचं मत. नागपूरच्या उन्हाळ्यापुरतं ते मावशीला मान्य होतं. पण थंडीत जाड तेल आळून बसतं, इंजिन फिरत नाही, म्हणून दिवाळीला पातळच टाकायचं, हा तिचा हट्ट. दर दिवाळीला बॉनेट उघडं टाकून दोघं भांडायचे आणि मग तिथेच उभ्याउभ्या चहा प्यायचे.

माझं पहिलं बाळंतपण खाप्याला, माहेरी. पौषातली सकाळ, कन्हान नदीवरून झोंबरा वारा. सुईण म्हणाली, बाळ आडवं आहे, नागपूरले न्या. शेजाऱ्यांच्या जीपला हँडल मारून मारून माणसं दमली, ती हूं की चूं करेना. सुदैवाने मावशी-मावसाजी आदल्याच दिवशी मला भेटायला आले होते. मावशीची मोटार दुसऱ्या झटक्यात सुरू झाली.

पण वाटेत इंजिन तापलं, आणि रेल्वे फाटकाशी थांबलो तसा तेलाचा लाल दिवा लुकलुकू लागला. पातळ तेलाचा दाब कमी पडत होता. माझ्याजवळ मागे बसलेले मावसाजी पुढे वाकले. "दिवा पाहून राहिली ना?"

"पाहून राहिली. तुमी पोरीचा हात धरा."

त्यांनी धरला. फाटक उघडेपर्यंत मावशी हलकेच रेस देत दिवा विझवत राहिली... दुपारी मुलगी झाली. आम्ही दोघी सुखरूप. बाळाला मांडीवर घेऊन मावशी नवऱ्याला म्हणाली, दिव्याचं तुमचं बराबर होतं. ते म्हणाले, गाडी सुरू झाली, ते तुझं. पुढच्या दिवाळीला भांडण पुन्हा जसंच्या तसं!

अलीकडे बारमाही चालणारं तेल बाजारात आलं. मी सुचवलं, तर मावशी हसत सुटली. मग आम्ही बोलायचं काय, म्हणाली.

परवा दिवाळीला मी रामदासपेठेत गेले. मोटार आता माझी तीच मुलगी चालवते. मावसाजी अंगणात हात पुसत उभे होते, तेल नुकतंच बदललेलं.

"यंदा भांडाले कोणी नव्हतं वं. दोन्हीकडून मीच बोललो."

जिंकलं कोण, मी विचारलं.

ते हसले. "नलूच."