चारीवरचं चाकाचं दार

पिंपळवंडीला आमच्या मळ्याजवळ कालव्याच्या चारीवर पाणी अडवायला लाकडी फळ्या होत्या. दोन्ही बाजूंच्या खाचांत एकावर एक सरकवायच्या, की चारीतलं पाणी फुगून आमच्या रानात वळायचं. जादा झालेलं फळ्यांवरून उतरून खाली काकीच्या रानात जायचं. काकी म्हणजे वडिलांच्या चुलतभावाची बायको. काका चाकणला कंपनीत होते, शेती तीच बघायची.

मी कॉलेजला होते तेव्हा त्या फळ्या कुजल्या. नवं काय बसवायचं हे ठरवायला चारीवरचे शेतकरी आमच्या ओट्यावर जमले. वडिलांना चाक फिरवून वरखाली होणारं लोखंडी दार हवं होतं. गळती नाही, वर कुलूप लावता येतं.

काकी कडेला उभी होती. म्हणाली, "भावजी, फळ्याच घाला नव्या. जादाचं पाणी वरनं निघून जातं. लोखंडी दार बंद केलं आन मागनं पाणी वाढलं, तर जायचं कुठनं त्यानं?"

"आता बायांनी दारं ठरवायची का राव?" वडील म्हणाले. सगळे हसले. मी चहाचे कप गोळा करत होते. काकीनं पदर नीट केला आणि ती निघून गेली. तिच्या पाठीकडे बघताना माझी मान खाली गेली.

चाकाचं दार बसलं. पहिल्याच उन्हाळ्यात, आमची पाण्याची पाळी असताना, वडिलांनी सकाळी दार पूर्ण खाली केलं, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून टोमॅटो घेऊन ते नारायणगावला गेले. दुपारी वरच्या रानातल्या कुणाचं तरी भरणं उरकलं. त्यांनी आपलं पाणी बंद केलं, आणि ते सगळं खाली आलं.

काकीची हाक ऐकून मी आणि आई धावलो. दारामागं पाणी काठोकाठ फुगलं होतं. काकीच्या रानाकडचा बांध खचला होता आणि लोंढा तिच्या रानात शिरत होता. तिथं तिचा काढलेला कांदा पातीखाली वाळत पडला होता. आईनं पहारीनं कुलूप तोडलं. आम्ही दोघी चाकाला लोंबकळलो. दार वर गेलं, पण तोवर कांद्यात गुडघाभर पाणी झालं होतं.

तिघी चिखलातून कांदे वेचत असताना वडील जीपमधून उतरून आले. बांधावर येऊन थांबले. काकी त्यांना काही बोलेल म्हणून मी वाट बघत होते. बोलली असती तर बरं झालं असतं.

"भावजी, पाटी धरा," एवढंच ती म्हणाली.

वडिलांनी चपला काढल्या आणि पाटी धरली. अंधार पडेपर्यंत ते तिच्याबरोबर वेचत होते. माफीचा शब्द मात्र त्यांच्या तोंडातून निघाला नाही. त्या आठवड्यात त्यांनी स्वतः सुतार आणून नव्या फळ्या बसवल्या. लोखंडी दार गोठ्यामागं टाकलं.

मला वाटलं, संपलं. मग एके दिवशी दुकानासमोर त्यांना कुणाला तरी सांगताना ऐकलं, "कालव्यावाल्यांनी लई पाणी सोडलं व्हतं. कुठलंच दार टिकलं नसतं." मी शेजारीच उभी होते. हाच माणूस मला सायकलवर डबलसीट शाळेत सोडायचा, आणि त्या क्षणी मला त्याच्यापासून लांब जाऊन उभं राहावंसं वाटलं.

पुढं माझ्या लग्नात मांडवात पाव्हण्यांपुढं तोच विषय निघाला. वडील पुन्हा तेच सांगू लागले. काकी पंगतीत वाढत होती. एका पाव्हण्यानं तिलाच विचारलं, "तुमचाच कांदा गेला ना तवा?"

"व्हय," ती म्हणाली, "पाणीच लई आलं व्हतं." आणि वडिलांच्या पानात आणखी एक बुंदीचा लाडू वाढून ती पुढं गेली.

वडिलांनी तो लाडू खाल्ला नाही. तो कडेला सारून ते खाली मान घालून भात कालवत राहिले. मी नवरीच्या साडीत समोर होते, त्यांनी वर बघितलं तर नजर द्यावी लागेल म्हणून मी मुंडावळ्या सारख्या करत राहिले.