पांढऱ्या जातीचा शोध

माझे काका एका कॉलेजात प्राणिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते. म्हणजे प्राध्यापक बेडकाविषयी बोलत आणि काका बेडूक कापून दाखवत. चौदा वर्षं हेच चाललं होतं. तेवढ्या काळात त्यांच्याच हाताखाली बेडूक कापायला शिकलेले दोघेजण लेक्चरर होऊन त्यांच्या डोक्यावर बसले. काका म्हणत, "मला पदाची हाव नाही." हे ते आठवड्यातून दोनदा तरी म्हणत, त्यामुळे घरात कुणाला ते पद विसरता आलं नाही.

मी इंटर सायन्सला असताना त्यांच्याकडे गिरगावात राहत होते. चाळीतल्या दोन खोल्या, पुढे सामाईक गॅलरी. त्या वर्षी काकांनी समुद्राच्या पाण्याची एक काचेची टाकी आणली. घर सोडून चाललेल्या कुणा पारशी गृहस्थाने ती जवळजवळ फुकट दिली होती. काकूने ती आतल्या खोलीत, कपाट आणि भिंत यांच्यामधल्या अंधाऱ्या जागेत ठेवायला लावली. चौपाटीवरून डब्यांनी पाणी आलं, मलबार हिलखालच्या खडकांतून शोभेला एक दगड आला, आणि दोन बोटभर मासे आले. मासे आठवड्यात मेले. काकू टाकी फेकायला सांगेल या भीतीने काका रोज त्या पाण्यासमोर वही घेऊन बसायला लागले. दगडाचं काय निरीक्षण करत असतील ते त्यांनाच माहीत.

अशात संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई रस्त्यावर उतरली. गोळीबार झाला, संचारबंदी लागली. खालच्या मजल्यावरचा, छापखान्यातला एक कंपोझिटर मोर्चाला गेला होता, तो मांडीत गोळी घेऊन परत आला. काकाही पक्के संयुक्त महाराष्ट्रवादी होते, पण खिडकी लावून. मी प्रभातफेरीला जाते म्हटलं तर म्हणाले, "तू गेलीस की माझं नाव लिहून घेतील. माझ्या नोकरीचं काय?" म्हणून आम्ही दोघंही घरात बसलो, आणि कॉलेज बंद असल्यामुळे काकांच्या निरीक्षणाला वेळच वेळ मिळाला.

संचारबंदीच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी बॅटरीचा झोत टाकीत मारला आणि मला हाक मारली. दगडाच्या खाचेत एक फूल उमललं होतं. पांढरंशुभ्र, बशीएवढं, काठाला बोटांच्या पेरांसारखे तंतू. आम्ही आणलं तेव्हा तो मिटलेला, चिखलाच्या रंगाचा गोळा होता आणि आम्ही त्याला दगडाचाच भाग समजलो होतो.

"समुद्रफूल," काका म्हणाले. "वनस्पती नव्हे, प्राणी. पण पांढरं?"

त्यांनी कॉलेजातून आणलेला इंग्रजी ग्रंथ उघडला. दोन दिवस आम्ही तंतू मोजत होतो. माझे शहाण्णव भरले, त्यांचे चौऱ्याऐंशी. ग्रंथात शहाण्णववाली एक जात होती, मुंबईच्या किनाऱ्यावर सर्रास आढळणारी, तपकिरी-हिरवी. चौऱ्याऐंशीवाली नव्हती. म्हणून चौऱ्याऐंशी हा आकडा कायम झाला. मी पुन्हा मोजू का विचारलं तर ते म्हणाले, "विज्ञानात अनुभवाला किंमत असते."

ही नवी जात होती. काकांनी तिला लॅटिन नावही ठरवलं, त्यात शेवटी महाराष्ट्र येत होता. लोक बाहेर लाठ्या खात होते, काकांनी घरबसल्या एक आख्खा प्राणी चळवळीला देऊन टाकला. हे त्यांनी कंपोझिटरला त्याच्या खाटेपाशी जाऊन सांगितलंसुद्धा. त्याने पाय सरळ करत विचारलं, "ते खातात का?"

काकांनी लंडनच्या एका तज्ज्ञाला पत्र धाडलं, आणि उजेडाने पांढरेपणा बिघडू नये म्हणून टाकीवर काळं कापड टाकलं. खायला उकडलेल्या अंड्याचा बलक दिला. पाण्याला वास यायला लागला. महिन्याभरात ते फूल बशीचं वाटीएवढं झालं. तंतू आखडले, मधलं तोंड उघडंच राहायला लागलं, आणि एका सकाळी त्याची एक कड दगडापासून सुटलेली मला दिसली. मी काकांना सांगितलं. "दुर्मीळ प्राणी नाजूकच असतात," ते म्हणाले आणि कॉलेजला गेले.

आमच्याकडे एक मासेवाली दिवसाआड यायची. वयाने काकूहून मोठी, आम्ही तिला मावशी म्हणायचो. त्या दिवशी ती दारात टोपली उतरवून बसली होती आणि काकू सुरमईवरून तिच्याशी घासाघीस करत होती. मावशी मध्येच थांबून म्हणाली, "बाय, तुमच्या घरात कायतरी कुजतंय. माझा म्हावरा नाय, आतून येतंय." मी तिला आत नेलं. तिने कापड उचललं, वाकून पाहिलं आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं जशी एखादी सुईण निष्काळजी सासूकडे बघते.

"ह्याला कोनी असा अंधारात डांबलाय?"

"ती पांढरी जात आहे, मावशी. नवीन."

"जात कसली? आजारी हाय तो. आमच्या खडकावर हे पायलीला पन्नास. कपारीवर धोंडा पडला, ऊन बंद झाला, की असा पांढरा पडतो. धोंडा सरकव, रंग धरतो."

"खायला काय घालायचं?"

"तू काय खातेस? कोलंबी दे. एवढुशी, नखाएवढी. आनि ह्यो पानी वत मोरीत."

शास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला हे सगळं पुस्तकात सापडायला हवं होतं. पुस्तकात तंतूंची संख्या होती, लॅटिन नावं होती, ऊन नव्हतं. पुढे एम.एस्सी.ला गेल्यावर कळलं की असल्या समुद्रफुलांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, उन्हावर तेच या प्राण्याला पोसतं आणि रंगही त्याचाच. मावशीला शैवाल ठाऊक नव्हतं, पण फूल मरायला टेकलंय हे ठाऊक होतं, आणि त्या घडीला तेवढंच उपयोगाचं होतं.

दुसऱ्या खेपेला ती टोपलीसोबत पत्र्याच्या डब्यात भरतीचं स्वच्छ पाणी घेऊन आली. मी टाकीतलं नासकं पाणी मोरीत ओतलं, नवं थोडं टाकीत आणि बाकीचं काकूच्या पसरट काचेच्या भांड्यात घातलं, आणि दगड अलगद उचलून त्या भांड्यात ठेवला. काका दहाला बाहेर पडत. मग भांडं गॅलरीत. पहिले तीन दिवस त्यावर पातळ धुतलेलं धोतर, कारण मावशीने बजावलं होतं, "अंधारातून आलाय, एकदम ऊन दावू नको, जळंल." मग रोज थोडा थोडा वेळ उघडं. भांडं तापलं की बाहेरून ओलं फडकं. झाडूच्या काडीच्या टोकाला कोळंबीचा कण लावून मी तो तंतूंपाशी धरायची. आठवडाभर तो कण तसाच खाली पडायचा आणि मी तो चिमट्याने काढून टाकायची. आठव्या की नवव्या दिवशी दोन तंतू हळूच वळले, कण धरला आणि तोंडाकडे नेला. मी काकूला बोलावलं. ती पोळपाट सोडून आली, पदराला हात पुसत बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "जेवलं बाई." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने ते कांद्यावर ढकललं. घरात कांदा चिरलेला नव्हता.

पाचच्या आत दगड पुन्हा टाकीत, कापडाखाली. काका संध्याकाळी बॅटरी मारून पाहत. तीनेक आठवड्यांनी तंतूंच्या बुडाशी चहाचा डाग पडावा तसा रंग दिसायला लागला. काकांनी बॅटरी हलवून पाहिली. "सेल उतरलेत," ते म्हणाले, आणि नवे सेल आणले. नव्या सेलच्या उजेडात तो रंग जास्तच स्पष्ट दिसला. तेव्हा त्यांनी ठरवलं की नवे सेल निकृष्ट आहेत.

एका रविवारी विभागप्रमुख नवी जात बघायला आले. काकांनी धुतलेला कोट घातला होता, घरात कोट. त्यांनी नाटकातल्या पडद्यासारखं काळं कापड ओढलं. आत पुन्हा बशीएवढं झालेलं, तपकिरी-हिरवं, टवटवीत फूल होतं. त्याने त्याच दुपारी, जणू मुद्दाम, सगळे तंतू ताणून पसरले होते.

विभागप्रमुखांनी चष्मा कपाळावर नेला. "हे तर आमच्या घराखालच्या खडकांवर ढिगाने आहे," ते म्हणाले. "तुमचं पांढरं कुठंय?"

काका त्या काळ्या कापडाची घडी घालायला लागले. मला त्या क्षणी त्यांची दया आली, ती पुढच्याच मिनिटाला उतरली.

"म्हणजे ते रंग गेलेलं होतं," विभागप्रमुख स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "अशी सहसा जगत नाहीत. आपल्या प्रयोगशाळेतली मागच्या वर्षी सगळी गेली. हे वाचवलं कुणी?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. काकूकडेही नाही. "मीच, सर," ते म्हणाले. "टप्प्याटप्प्याने सूर्यप्रकाश. शिवाय कोळंबी."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. गॅलरीतल्या फरशीवर खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग पडलेले होते, आणि निरीक्षण तर त्यांचा धंदाच होता. पाहुणे गेल्यावर काकूने विचारलं, "तुम्ही वाचवलंत ना? मग उद्यापासून तुम्हीच भरवा." काका म्हणाले, "अगं, मी तुम्हाला थांबवलं नाही, हे काय कमी झालं?" मला वाटतं ते खरंच तसं समजत होते.

पुढच्या जूनमध्ये ते लेक्चरर झाले. त्यांच्या नव्या वर्गातल्या मोठ्या खिडकीजवळ ती टाकी गेली आणि फूल तिथे चांगली पाच-सहा वर्षं जगलं. लंडनचं उत्तर आलं तेव्हा त्यात दोनच ओळी होत्या. त्या काकांनी आम्हाला वाचून दाखवल्या नाहीत.

पण त्यानंतर मावशीची टोपली दारात उतरली की काका वही घेऊन बाहेर येऊन बसायला लागले. "मावशी, आणखी काय काय पांढरं पडतं हो?" ते विचारत. तीही हुशार. आधी दोन पापलेटं घ्यायला लावायची, मग एक गोष्ट सांगायची. कुठल्या भरतीला कुठला शिंपला वर येतो, जेलीफिश कुठल्या वाऱ्याने लागतात, प्रत्येकी दोन पापलेटांच्या भावाने. काकांचे लेख मासिकांतून यायला लागले आणि आम्ही त्या वर्षी जितकी पापलेटं खाल्ली तितकी पुन्हा कधी खाल्ली नाहीत. तिला कळत नव्हतं असं नाही. एकदा माझ्याकडे बघून ती म्हणाली, "तुझा काका शिकतोय हां. उशिरा, पन शिकतोय."

त्या लेखांच्या स्वच्छ प्रती मी काढून द्यायची, कारण माझं अक्षर चांगलं होतं. प्रत्येक लेखात एखाद्या ठिकाणी यायचं, 'एका स्थानिक माहितगाराच्या मते.' एकदा मी लेखणी थांबवून म्हटलं, "काका, इथे मावशीचं नाव घालू या ना." ते म्हणाले, "घाल की. काय नाव आहे तिचं?"

मी स्वयंपाकघरात जाऊन काकूला विचारलं. तिलाही माहीत नव्हतं. मावशी परवा येणार होती, लेख दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. मी 'स्थानिक माहितगार' असंच लिहिलं, सुवाच्य अक्षरात, आणि पुढच्या लेखांतही तेच लिहीत गेले.