अकरावा रकाना

कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या अर्जनवीसाने तीस वर्षं लोकांना एकच सल्ला दिला होता: "गुन्हा कबूल कर, दंड भर, दुपारच्या जेवणाला घरी जा. लढत बसलास तर नुसत्या चपला झिजतील."

लेकीच्या पिशवीत दुकानातलं, पैसे न दिलेलं शरीरशास्त्राचं पुस्तक सापडलं, तेव्हाही त्याच्या तोंडून तेच निघालं. मैत्रिणीने ते पिशवीत टाकलं, असं पोरगी जीव तोडून सांगत होती. पण चार दिवसांवर परीक्षा होती. "कबूल करून टाक गं, एका सहीचं काम." तिने कोर्टात कबूल केलं, दंड भरला. परीक्षेत पहिलीही आली.

आता मेडिकलचा तिसरा अर्ज त्याच टेबलावर होता. आधीचे दोन अकराव्या रकान्यावरूनच परत आले होते: 'कधी शिक्षा झाली आहे का? (दंडही शिक्षा धरावा.)'

"या वेळी 'नाही' लिहू?"

"पोलिसांकडून तपासून घेतात, बाबा. तुम्हीच सांगता ना लोकांना?"

त्याने 'होय' लिहिलं. खुलाशाला दोन ओळी होत्या. खुनाच्या आरोपींसाठी पानंच्या पानं खरडणाऱ्या माणसाचं पेन तिथे अडलं. खरं लिहावं तर लेक कोर्टात खोटं बोलली, न लिहावं तर ती चोर. इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी त्याने वळणदार अक्षरात लिहिलं, 'चूक झाली.'

लेकीने वाचलं. "कोणाची, ते राहिलं," ती म्हणाली, आणि खाली स्वतःची सही केली.