शकुनबाईचा मंगळवार

माझ्या आईचं नाव शकुनबाई. आमच्या गावात, कोंढ्यात, तिला सगळे ओळखायचे, पण तिला काही विचारावं असं कोणाला वाटायचं नाही. बाबा होते तेव्हा तिनं तोंड उघडलं की ते म्हणायचे, "तुले काय कळते." रागानं नाही हं, नुसत्या सवयीनं. बाबा गेले आणि हे वाक्य माझ्या धाकट्या भावानं, इश्वरनं उचललं. घर मिळालं, बैल मिळाले, तसं हेही त्याला मिळालं. बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, कोणता धान लावायचा, पाणी कधी सोडायचं, सगळं तो ठरवायचा, आणि चिखलात वाकून रोपांचा रोवणा करायचा तो आईनं. मी लग्न होऊन वरठीला गेलेली, नवरा रेल्वेत. माहेरी आले की हे पाहून माझं डोकं तापायचं. आई म्हणायची, "जाऊ दे व सुमन." असं किती जाऊ द्यायचं माणसानं?

साठी उलटली आणि तिला साखर निघाली. सन ऐंशी-एक्याऐंशीची गोष्ट. पायाची जखम भरत नव्हती, तहान भागत नव्हती. लघवीला मुंग्या लागतात हे तिनं कधीचंच पाहिलं होतं, पण सांगणार कोणाला. शेवटी इश्वरनं तिला एका डॉक्टरकडे नेलं. त्यानं रोज सकाळी घ्यायची गोळी दिली आणि बजावलं, गोळी एक दिवस चुकवायची नाही, साखर-गूळ म्हणजे तुम्हाला जहर. आई सांगितलेलं ऐकणारी बाई. जन्मभर तिनं दुसरं केलं काय?

आता तिचा मंगळवारचा उपास माझ्या जन्माच्या आधीपासूनचा. पूर्वी ती त्या दिवशी साबुदाणा खायची, रताळं खायची, गुळाचा चहा प्यायची. डॉक्टरनं गोड बंद केलं, तेव्हा तिनं आपल्या मनानं साबुदाणा आणि रताळंही सोडलं. उपास मोडायचा नाही, गोळी चुकवायची नाही. म्हणून मंगळवारी सकाळी पाण्याबरोबर गोळी, आणि मग दिवसभर नुसतं पाणी. डॉक्टरनं उपासाचं विचारलं नाही, आणि न विचारता बोलायची तिला सवय नव्हती.

मग देवी आली.

एका मंगळवारी दुपारी आई देवाऱ्यापुढे बसली होती आणि थरथरायला लागली. पोलकं घामानं ओलं, डोळे एका जागी, बोलणं भलतंच. इश्वर धावत आला, तर त्याच्याकडे पाहून म्हणाली, "खाली बस." आणि इश्वर बसला. बापजन्मात आईनं त्याला असं सांगितलं नव्हतं. शेजारची धुरपताकाकी हळद-कुंकू घेऊन आली. ती गावातली जाणती. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "अंगात आलं. देवी आहे." देवी शांत करायला तिनं प्रसादाचं गूळ-खोबरं आईच्या तोंडात घातलं. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? थोड्या वेळानं आईनं पदरानं तोंड पुसलं आणि सगळे काहून जमले म्हणून विचारलं.

पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. मग काय, आठवडाभर लोक मंगळवारची वाट पाहू लागले. लाखांदूरकडून यष्टीनं माणसं यायची. कोणाची गाय हरवलेली, कोणाच्या पोरीचं जमत नाही. आई काहीबाही पुटपुटायची आणि लोक त्यातून आपापला अर्थ काढून घ्यायचे. आणि आमचा इश्वर, तोच हा इश्वर, हात जोडून उभा राहायचा. पेरणीच्या आधी त्यानं विचारलं, "माय, हलका धान लावू का भारी?" भारी धानाला पाणी जास्त लागतं, पण पिकतोही जास्त. आई त्या अवस्थेत म्हणाली, "भारी." त्यानं भारी लावला आणि पीक झकास आलं. त्यानंतर घरात आईचं आसन पक्कं झालं. इश्वरची बायको, कौशल्यावहिनी, पहिला चहा तिला द्यायला लागली, बिनसाखरेचा का असेना.

दिवाळीनंतर गावात मंडई म्हणजे जत्रा भरते, तिला म्हणून मी गेले तेव्हा हा थाट पाहिला. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. पण आई वाळली होती. देवी येऊन गेली की संध्याकाळभर तिचं डोकं ठणकायचं. मी विचारलं, "माय, तुले तेव्हा काय होते?"

"काही आठवत नाही," ती म्हणाली. "पण उठली का सगळे माह्याकडे पाहत असते. सुमन, मंगळवारी मले सगळे विचारते."

असं फुललेलं तिचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं.

मी तिथं होते त्याच मंगळवारी इश्वरला अक्कल सुचली. आईबद्दल आता त्याला आदर होता, आणि आदराबरोबर काळजीही आली होती. धुरपताकाकीनं गुळाची वाटी उचलली तसा तो मध्ये आला. "काकी, गूळ नका देऊ. मायले साखर आहे. डॉक्टरनं जहर सांगतलं. कापूर लावा." मी त्याच्याशी जन्मभर भांडले, पण एवढं सांगते, तो हे मायेनं बोलला.

कापूर जळला, उदबत्त्या जळल्या. देवी काही शांत होईना. आई थरथरत राहिली, मग एका अंगावर कलंडली. दातखीळ बसली. लोक म्हणाले, आज देवी जोरात आहे, आणि हात जोडून बसून राहिले. मी आईचा हात धरला तर तो धुतलेल्या कपड्यासारखा ओला आणि गार. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी इश्वरला म्हटलं, "देवी नाही काही नाही. माय मरून राहिली. उचल तिले." सडकेवर राइस मिलचा ट्रक धान भरून उभा होता. आम्ही तिला पोत्यांवर घातलं आणि भंडाऱ्याला नेलं. वाटभर इश्वर एकच म्हणत होता, "मी तं गूळ पण देऊ देला नाही बाई." आपण चांगलं केलं असंच त्याला वाटत होतं, आणि मलाही.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. नागपूरहून आलेल्या, म्हाताऱ्या माणसांची साखर आणि त्यांच्या गोळ्या यांचाच अभ्यास करत होत्या. त्यांनी आईच्या शिरेत ग्लुकोज सोडलं. पाहता पाहता आईनं डोळे उघडले आणि गाय बांधली का म्हणून विचारलं. इश्वरचे हात आपोआप जोडले गेले.

मग बाई विचारत गेल्या. गोळी कधी घेतली, त्यावर काय खाल्लं. उपासाच्या दिवशी काय खातात, हे आईला पहिल्यांदाच कोणी विचारलं. मी मंगळवारचं सगळं सांगितलं. देवीचं सांगितलं, गुळाचा प्रसाद दिला की देवी जाते हेही सांगितलं. त्या स्टूल ओढून आईजवळ बसल्या.

"आजी, तो गूळच तुम्हाला वाचवत होता," त्या म्हणाल्या. "म्हातारपणी गोळी शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, रेंगाळते. त्यात पोट रिकामं. मग साखर इतकी उतरते की माणूस थरथरतो, घाम फुटतो, भलतं बोलतो. माझ्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी कोणी चक्कर म्हणतं, कोणी वात म्हणतं. तुमच्या घरी देवी म्हणतात. देवीबद्दल मी काही बोलणार नाही. पण अशी आणखी एकदा आली आणि गोड वेळेवर मिळालं नाही, तर तुम्ही उठणार नाही."

"आज गूळ मीच देऊ देला नाही," इश्वर म्हणाला. बाई त्याला रागावल्या नाहीत. पुढचे दोन दिवस आईला तिथंच ठेवून घेतलं, कारण ती गोळी अजून अंगात होती. निघताना गोळी अर्धी केली, जेवल्याशिवाय घ्यायची नाही म्हणून सांगितलं, आणि थरथर सुटली तर आधी साखर, मग बाकीचं.

इश्वर यष्टीचं पाहायला गेला तेव्हा आई मला हळूच म्हणाली, "गावात सांगू नको व."

"काय सांगू नको? मरायचं आहे का तुले?"

"मरायचं नाही," ती म्हणाली. "पण मंगळवार गेला तं मी पुन्हा तशीच."

मी तिथंच रडले. जिवावर उदार होऊन तिला फक्त कोणीतरी विचारावं एवढंच हवं होतं. डोळे पुसून मी म्हटलं, "मी नाही सांगत. इश्वरलेही सांगू देत नाही. काय करायचं ते तू ठरव."

पुढच्या मंगळवारपर्यंत मी कोंढ्यातच थांबले. वरठीहून नवऱ्याचे निरोपावर निरोप येत होते, येऊ देत. सकाळी मी चुलीशी बसून आईकडे पाहत होते. तिनं गोळीचा अर्धा तुकडा काढला, ताटाशेजारी ठेवला, आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग कौशल्याला म्हणाली, "भात वाढ."

दुपारी अंगण भरलं. आई आपल्या चटईवर बसली होती. सगळे वाट पाहत होते. शेवटी धुरपताकाकीच म्हणाली, "काहून व शकुन, आज देवी येऊन नाही राहिली?"

"येणार नाही," आई म्हणाली. "ते गोळीनं होत होतं. उपाशी पोटी गोळी घ्यायची ना मी, म्हणून. आज जेवून बसली आहो." मग म्हणाली, "देवी नाही, पण मी आहो. विचारायचं असन तं मले विचारा."

कोणी विचारलं नाही. एकेकानं चपला घातल्या. लाखांदूरचे लोक यष्टीची वेळ झाली म्हणाले. इश्वर जमिनीकडे पाहत बसला होता, तोही उठून वावरात गेला. धुरपताकाकी तेवढी थांबली, चहा प्यायली, पण तिनंही काही विचारलं नाही. आईनं आपली चटई आपणच गुंडाळून भिंतीला लावली. मी वरठीला परत आले ती गावावर आणि भावावर चरफडतच.

पुढच्या पेरणीच्या आधी पुन्हा गेले. आईच्या अंगावर थोडं मांस चढलं होतं. वेळेवर जेवायची, मग अर्धी गोळी घ्यायची. उपासाच्या जागी तिनं मंगळवारी देवीला फूल वाहायचं ठेवलं होतं. रात्री आम्ही सगळे जेवत होतो. मंगळवार नव्हता, साधा कोणता तरी दिवस होता. इश्वर ताटात मान घालून म्हणाला, "माय, यंदा हलका लावू का भारी?"

वहिनीचा वाढता हात थांबला. आईनं तोंडातला घास संपवला, वर पाणी घेतलं.

"मले काय कळते," ती म्हणाली.

इश्वरचे कान लाल झाले. पण तो उठून गेला नाही. आईनं त्याला थोडा वेळ बसू दिलं.

मग म्हणाली, "हलका लाव. तलावात पाणी कमी आहे, मले रोज दिसते ना. मागच्या साली तलाव भरला होता म्हणून भारी पिकला. देवीले त्यातलं काही माहीत नव्हतं."

इश्वरनं हलका धान लावला.