पत्रकाच्या भाषेत लिहिलेलं माझं पान

चंदीगडला शिकायला आले आणि चळवळीत शिरले. सेक्टर १७ मधल्या दुकानांत मुली दिवसभर उभ्या असतात, मालक साधं स्टूल ठेवत नाहीत. त्या स्टुलांसाठी आमची छोटी संघटना भांडते. मागच्या वर्षी मला पाच जणांच्या गटाची प्रमुख केलं आणि संचालकबाईंनी फर्मान काढलं: प्रमुख म्हणून तुम्ही काय मानता ते एका पानावर लिहा आणि गटाला वाचून दाखवा.

मला हे कंपन्यांचं खूळ वाटलं. पण त्याच आठवड्यात गटातल्या एका मुलीने कारण न देता राजीनामा दिला होता. ती शेजारच्या पंचकुल्याची, स्वतः दोन वर्षं कपड्यांच्या दुकानात उभी राहिलेली. दुकानातल्या मुली बोलायच्या त्या तिच्याशी, माझ्याशी नाही. पान ऐकून ती राजीनामा मागे घेईल, असं मी धरून चालले.

मी ते हिंदीत लिहिलं आणि चौकात वाचावं तसं वाचलं. मनमानी चालणार नाही. प्रत्येकाचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. निर्णय सर्वांचा.

ती म्हणाली, "दीदी, ये किसके ख़िलाफ़ है?"

"किसी के नहीं. हमारे बारे में है."

"तो फिर आप इसमें कहाँ हो?"

"नीचे 'ज़िंदाबाद' लिखना रह गया, जी," दुसरा एक जण म्हणाला. सगळे हसले. ती हसली नाही. तिने स्वतः लिहिलेल्या नव्या पत्रकाचा मसुदा समोर ठेवला, मी सुधारून दिलेला. तिच्या मजकुरातली तारीख आणि जागा तेवढी शिल्लक होती.

मला रागच आला. पत्रक धारदार नको का? घरी गेल्यावर पान पुन्हा काढलं. पत्रक लिहिताना दोषी नेहमी समोरचा असतो. तीच सवय इथे लागली होती. मनमानी कोण करतं, हे त्या पानावर कुठेच नव्हतं. हिंदीत लिहायला घेतलं की घोषणाच सुचत होत्या, म्हणून मराठीत लिहिलं: मी दुसऱ्याचं लिखाण न विचारता बदलते. मला वाटतं, माझ्याइतका संताप कोणालाच येत नाही. हे चूक आहे. यापुढे शेवटचा शब्द लिहिणाऱ्याचा.

दुसऱ्या दिवशी ते गटाला हिंदीत सांगितलं.

"पक्का?" तिने विचारलं.

"पक्का."

"तो मेरा वाला छपेगा. राजीनामे का उसके बाद देखते हैं."

तिच्या पत्रकाची पहिली ओळ होती, 'आज आप कितनी बार बैठीं?' ना मागणी, ना निषेध. मी ते तसंच छापायला दिलं. मला ती ओळ अजूनही मिळमिळीत वाटते. तिला तसं सांगितलं, तर म्हणाली, "वाटू दे की," चक्क माझ्याकडून उचललेल्या मराठीत, आणि गठ्ठा उचलून दुकानांकडे निघाली.